छत्तीस नंबरची काच

१

दुपारची पॅसेंजर जालना स्टेशनात शिरली की तुळजाबाईच्या फडताळातली पितळी ताटं एकमेकांना लागून वाजायची. मालधक्क्यामागच्या गल्लीत राहायचं म्हणजे हे चालायचंच. गाडी दोन-दहाची, पण ती खरोखर दोन-दहाला आली, तर गल्लीतली माणसं उठून बसत, काय अघटित झालं म्हणून! ताटं वाजली की तुळजाबाई खरकटं आवरून घटकाभर आडवी व्हायची. नवरा जगन्नाथ ओसरीवर लोकांचे स्टोव्ह दुरुस्त करत बसायचा, आणि मधल्या खोलीत, पाटावर, छत्तीस नंबर उभं असायचं.

छत्तीस नंबर म्हणजे इंजिन. खरं नव्हे, खरं दोन वर्षांमागं भंगारात गेलं. हे जगन्नाथनं हातानं केलेलं, फुटाला अर्धा इंच या मापानं, दोन फूट लांब. नुसतं शोभेचं असतं तर तुळजाबाईनं ते केव्हाच माळ्यावर टाकलं असतं. पण या माणसाचं सगळंच खरं! तांब्याचा बॉयलर, भट्टीचं उघडमीट करणारं दार, बोटाएवढं फावडं, पेन्सिलीच्या तुकड्याएवढी शिट्टी. भट्टीच्या छतात शिशाची गुल्लीसुद्धा बसवलेली. बॉयलरातलं पाणी आटलं आणि छत फार तापलं की ही गुल्ली वितळते, वाफ भट्टीत घुसते, आग विझते, आणि बॉयलर फुटायचा वाचतो.

बॉयलर वाचतो. माणसाचं काही सांगता येत नाही. एकावन्न साली याच गुल्लीपायी तुळजाबाईचा भाऊ गेला होता.

२

भाऊ म्हणजे भुजंग. जगन्नाथ छत्तीस नंबरचा ड्रायव्हर आणि भुजंग त्याचा फायरमन, कोळसा टाकणारा. मेव्हणे-मेव्हणे एका इंजिनावर, म्हणून स्टेशनातली माणसं चिडवायची, की हे इंजिन आहे का सासुरवाडी? त्या दिवशी रांजणीच्या अलीकडे चढावर भुजंगानं भट्टीचं दार उघडलं, फावडं आत घातलं, आणि त्याच क्षणी गुल्ली गेली. वाफ दारातून उसळून त्याच्या अंगावर आली. गाडी बचावली. भुजंग तीन दिवस दवाखान्यात होता.

ड्रायव्हरच्या समोर एक उभी काचेची नळी असते. बॉयलरात पाणी किती, ते त्या काचेत दिसतं. जगन्नाथ चौकशीत एकच वाक्य बोलत राहिला, "अर्धी काच होती, सायेब." पण काच त्या दणक्यात फुटून गेली होती. चौकशीचे इन्स्पेक्टर गजाननराव सरळ माणूस, पण कागदावर दिसेल तेच मानणारा. दोन रात्री ड्युटी केलेला ड्रायव्हर, आणि पाण्याविना बॉयलर. त्यांनी लिहिलं, ड्रायव्हरला झोप लागली. जगन्नाथची नोकरी गेली आणि त्यानं स्टेशनाची पायरी सोडली, ती सोडलीच.

तुळजाबाईनं नवऱ्याला कधीच विचारलं नाही, की तुम्ही झोपला होतात का. विचारायला तोंड नव्हतं असं नाही. तिच्या तोंडाला अख्खी गल्ली वचकून होती! पण हा माणूस जेवता जेवता डुलक्या घेणारा. तिनं स्वतः त्याच्या हातातला घास खाली पडताना बघितलेला. सहा वर्षं ती त्याला ताट वाढत होती आणि सहा वर्षं ती एक गोष्ट घशाशी धरून होती. उत्तर 'हो' आलं असतं, तर मग या घरात राहायचं कसं?

३

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, स्टेशनात इंजिनाला झेंडूच्या माळा घालून पूजा करतात. या वर्षी जगन्नाथनं ठरवलं, की त्याच दिवशी सकाळी घरी छत्तीस नंबरची भट्टी पेटवायची. स्टेशनातल्या जुन्या माणसांना त्यानं निरोप धाडले. आणि सगळ्यात आधी कुणाला सांगितलं असेल? रिटायर होऊन जालन्यातच घर केलेल्या गजाननरावांना!

"त्यांना कशाला?" तुळजाबाई कडाडली.

"एकदा बघू दे त्यांना, मला इंजिन कळतं का न्हाई ते," जगन्नाथ म्हणाला. "मंग काय म्हणायचं ते म्हणू दे."

आता एकच काम राहिलं होतं, पाण्याची काच. ते खुर्शीद मिस्त्रीचं. खुर्शीदनं खऱ्या छत्तीस नंबरवर आयुष्य घालवलेलं. ते भंगारात निघालं तेव्हा काच धरणाऱ्या पितळी चौकटीचा तुकडा त्यानं आठवण म्हणून उचलून आणला होता. त्याच पितळेतून त्यानं ही इवली चौकट घडवली. शुक्रवारी नमाज आटोपून तो आला आणि अंगठ्याच्या पेरानं माप घेऊन त्यानं काच कापली, नेहमीसारखी केसभर तोकडी. "काच तापली की वाढती, भाबी. तिला जागा सोडावी लागती," तो म्हणाला. खाली-वर रबरी कडी घालून नट आवळले आणि बॉयलरात शेरभर पाणी भरलं. काच अर्धी भरली. खालच्या नटापाशी थेंब दिसला, तेव्हा त्यानं नट आणखी अर्धा फेरा आवळला. थेंब थांबला.

"आता पाणी तसंच ठिवू," जगन्नाथ खुशीत म्हणाला. "कुठं झिरपतंय का बघू."

शनिवारी दुपारी ताटं वाजली, गाडी थांबली, ताटं थांबली. तुळजाबाई आडवी झाली. तेवढ्यात मधल्या खोलीतून आवाज आला, टिक, टिक, टिक. तीनदा. काचेवर काहीतरी टणक वाजवावं तसा.

ती उठून बसली. पाल असेल. पालीला का मोजता येतं? मग स्टोव्हवरची हातोडी असेल. तिनं ओसरीवर डोकावलं, तर जगन्नाथ भिंतीला टेकून घोरत होता.

४

रविवारी पुन्हा तसंच. ताटं, शांतता, मग टिक, टिक, टिक. या वेळी ती चौकटीतच उभी होती. खोलीत ऊन कौलाच्या फटीतून येऊन नेमकं इंजिनावर पडलेलं. काहीही हललं नव्हतं. फक्त काचेतलं पाणी किंचित थरथरत होतं, चालत्या गाडीत थरथरतं तसं. तिनं मनाशी म्हटलं, स्टेशन जवळ, जमीन हादरते, पाणी थरथरणारच. मग तिच्या ध्यानात आलं की फडताळातली ताटं तर गप्प आहेत.

पाटाखालची सारवलेली जमीन ओली लागली. सकाळचं सारवण वाळलं नसेल, असं म्हणून तिनं तो विषयही मिटवला. मिटवायचे विषय वाढत चालले होते.

सोमवारी खुर्शीद चहाला आला. कप बशीत ओतता ओतता तो काचेकडे बघून हसला. "आज भुजंग पायजे होता, भाबी. त्याची ती घोड्याच्या नालेची अंगठी याद हाये? ड्युटीवर चढला की पयले काचेवर अंगठी वाजवायचा. तीन बार. टिक, टिक, टिक. म्हणायचा, पाणी जित्तं हाये का बघून राह्यलो. आमी लई हसायचो."

तुळजाबाईच्या हातातली किटली तशीच राहिली.

दवाखान्यात भुजंगाला बोलता येत नव्हतं. तोंडाला पट्ट्या होत्या. तीन दिवस तो एका बोटानं खाटेच्या लोखंडी दांडीवर ठोकत होता. तीनदा ठोकायचा, थांबायचा, तिच्याकडे बघायचा. पुन्हा तीनदा. तिला वाटलं, वेदनेनं करतोय. तिनं तो हात धरून ठेवला होता, त्याला त्रास होऊ नये म्हणून. अरे देवा, तिनंच तो हात धरून ठेवला होता!

"काय झालं भाबी?" खुर्शीदनं विचारलं.

"कुटं काय. चहा घ्या, थंड हून राह्यला," ती म्हणाली आणि आत गेली. पेटीच्या तळाशी फडक्यात बांधलेली भुजंगाची अंगठी तिनं काढून बघितली. अंगठी जागेवरच होती. पण बोटाला काळं तेल लागलं. सहा वर्षं पेटीत पडलेल्या वस्तूला ओलं तेल कुठून लागणार? तिनं पदराला हात पुसला. डाग मात्र पदरावर तसाच राहिला.

५

मंगळवारी खंडेनवमीसाठी खोली सारवायची होती. जगन्नाथ माळा आणायला गेलेला. दोन-दहाची गाडी अजून यायची होती. तुळजाबाईनं पदर खोचला आणि पाटासकट इंजिन उचलायला वाकली.

जन्मभर पाणी वाहिलेल्या बाईला तागडी लागत नाही. घागर उचलली की हाताला कळतं, भरलेली आहे, अर्धी आहे का रिकामी. शेरभर पाण्याचा भार येणार, अशा हिशेबानं तिनं जोर लावला, आणि इंजिन अलगद वर आलं. जोर जास्त झाल्यानं ती मागं तोल जाता जाता वाचली.

इंजिन रिकामं होतं.

तिनं काच बघितली. अर्धी भरलेली, जशी शुक्रवारी तशीच. तिनं इंजिन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. रिकामं. खाली वाकून बघितलं तर पाणी काढायची चकली जराशी सैल होती. चार दिवस शेरभर पाणी थेंबाथेंबानं जमिनीत मुरलं होतं. आणि काच? काच चार दिवस खोटं बोलत होती.

तिनं चकली घट्ट पिरगाळली, गडूभर पाणी आणलं, नरसाळ्यातून अर्धा शेर आत ओतलं. काचेतलं पाणी केसानंही हललं नाही. बॉयलरात पाणी असो-नसो, काचेला त्याचा पत्ताच नव्हता.

तुळजाबाई पाटाशेजारीच बसली. अर्धी काच होती, सायेब. हा माणूस झोपला नव्हता. डोळे फाडून काचेकडे बघत होता, आणि काच त्याला फसवत होती! तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. गल्लीतल्या एकेकीचं दार वाजवून सांगावंसं वाटलं.

मग तिचं डोकं चालायला लागलं. आज सांगितलं तर खुर्शीद येईल आणि दोन मिनिटांत काच ठीक करील. गजाननराव म्हणतील, बायकोनं नवऱ्यासाठी गोष्ट रचली. नको. बघू देत उद्या सगळ्यांनी. पण पाणी आटेल, बॉयलर तापेल, आणि भोवती माणसं असतील. सगळं त्या एका गुल्लीवर. गुल्ली चुकली तर?

ताटं वाजली. गाडी थांबली. ती इंजिनापासून हातभर अंतरावर होती. कुणीही काचेला शिवलं नाही. टिक, टिक, टिक.

या वेळी ती उठली नाही. "ऐकलं रे," ती हळूच म्हणाली. "सहा वर्सं उशिरा ऐकलं. उद्यापतुर गप ऱ्हा."

६

खंडेनवमीला दहाच्या सुमारास खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. स्टेशनातले आठ-दहा जण आले. त्यात रामकिसन ड्रायव्हर होता. एके काळी जगन्नाथच्या हाताखाली शिकलेला, आता दोन-दहाची गाडी जालन्यापासून पुढं तोच न्यायचा. गजाननराव काठी टेकत आले आणि खुर्चीवर ताठ बसले. जगन्नाथनं हळदकुंकू वाहिलं, माळ घातली, काचेकडे बघून मान हलवली. चाकं मोकळी फिरावीत म्हणून इंजिन ठोकळ्यांवर चढवलं आणि भट्टीत निखारे घातले.

पंधरा मिनिटांत वाफ धरली. जगन्नाथनं दांडा ओढला, आणि छत्तीस नंबरची चाकं फिरायला लागली. काय त्या माणसांचे चेहरे सांगावेत! रामकिसननं तर टोपी काढून हवेत उडवली. शिट्टी वाजली तेव्हा गल्लीतली पोरं दारात दाटली. गजाननरावसुद्धा खुर्चीतून पुढं सरकले.

तुळजाबाई सगळ्यांच्या पुढं, इंजिनाला लागून उभी होती. तिनं पोरांना ओरडून अंगणाच्या पलीकडं हाकललं. "मागं सरा," तिनं मोठ्यांनाही बजावलं. "भट्टीच्या दारासमोर कुणी थांबू नका." जगन्नाथनं चमकून बघितलं, पण तो कामात होता.

अर्धा तास झाला. चाकांचा आवाज बदलला, कोरडा झाला. खोलीत तापलेल्या तांब्याचा वास आला. गजाननरावांच्या कपाळाला आठी पडली. "जगन्नाथ, पाणी किती आहे?"

जगन्नाथनं काच बघितली. "अर्धी काच हाये, सायेब."

बोलताक्षणी त्याचं तोंड पांढरं पडलं. हे वाक्य खोलीत सगळ्यांना ओळखीचं होतं. आणि त्या शांततेत, भरदिवसा, दहा-बारा माणसांसमोर, काच वाजली. टिक, टिक, टिक.

खुर्शीदनं भिंत धरली. जगन्नाथ आपल्या डाव्या बाजूला बघत होता, फायरमनची जागा असते तिकडे. तुळजाबाईची नजर इंजिनाच्या पितळी घुमटावर गेली. घासून लख्ख केलेल्या त्या पितळेत सगळी खोली दिसत होती, खुर्चीतले गजाननराव, टोपी हातात धरलेला रामकिसन, ती स्वतः. आणि जगन्नाथच्या डाव्या अंगाला, गळ्यात भुजंगासारखा लाल रुमाल बांधलेलं कुणीतरी वाकून उभं. तिनं वळून बघितलं. तिथं कुणी नव्हतं. तिथं माणसांनीही नकळत जागा सोडलेली होती.

"आग काढा! जल्दी!" गजाननराव ओरडले. जगन्नाथचा हात दाराकडे गेला, तो तुळजाबाईनं दोन्ही हातांनी धरला.

"दार उघडायचं न्हाई. गुल्ली तुमी केल्याली हाये ना? मंग जळू द्या!"

फाट् करून आवाज झाला. धुराड्यातून राखेचा लोट छताला भिडला, भट्टीत वाफ फुसफुसली, निखारे विझले. पाट हादरला, माळ तुटली. मग सगळं गप्प. कुणाला ओरखडाही आला नव्हता.

"सायेब," तुळजाबाई म्हणाली. "आता काच बघा."

काच अर्धी भरलेली होती.

"आता उचला."

गजाननराव उठले. हाताला उपरणं गुंडाळून त्यांनी इंजिन उचललं आणि तसेच उभे राहिले. मग त्यांनी स्वतः चकली उघडली. थेंब पडला नाही.

खुर्शीद पुढं झाला. त्यानं खालचा नट सोडवला. आवळलेलं रबर पसरून काचेच्या तोकड्या तोंडावर चढून बसलं होतं. वाट बंद, आणि अडकलेलं पाणी आत तसंच. खुर्शीद खाली बसला. "भुजंग भाजला त्या दिवशी बी गळून राह्यलं होतं," तो म्हणाला. "सकाळी. मी अर्धा फेरा आवळलो. अर्धा फेराच, भाबी..." तुळजाबाईनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार? त्यानंही भुजंगाला खांदा दिला होता.

गजाननरावांनी डोक्यावरची टोपी काढली. "मी चूक लिहिलं, जगन्नाथ," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "ड्रायव्हर जागा होता. आज तसं लिहून सही करतो, आणि जिथं पाठवायचं तिथं मी स्वतः घेऊन जातो."

खोलीत एकच कालवा झाला. रामकिसननं जगन्नाथला उचलूनच घेतलं. पण जगन्नाथ बायकोकडे बघत होता.

"तुला कवा कळलं?"

"काल."

"आन् त्याच्या आदी?"

तुळजाबाईनं मान खाली घातली नाही. "त्याच्या आदी मला बी वाटायचं, तुमी झोपलात."

"ठाव होतं मला," जगन्नाथ म्हणाला. "रोज ताट वाढताना दिसायचं." आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तो तिच्यासमोर ढसाढसा रडला.

७

दुपारी रामकिसन त्याला ओढतच स्टेशनात घेऊन गेला. निम्मी गल्ली मागं गेली, झेंडूच्या माळा घेऊन. तुळजाबाई गेली नाही. घर राखेनं भरलं होतं, कुणीतरी झाडायला नको का?

ताटं वाजली. गाडी थांबली, ताटं थांबली. तिनं झाडू खाली ठेवला आणि वाट बघितली.

मग शिट्टी झाली. प्रत्येक ड्रायव्हरचा हात वेगळा असतो, हे इंजिनवाल्याच्या बायकोला सांगावं लागत नाही. दोन आखूड आणि एक लांब, शेवटाला वर चढवलेली. रामकिसननं आपली जागा सोडून शिट्टीची दांडी दुसऱ्याच्या हातात दिली होती. ती शिट्टी तुळजाबाईनं सहा वर्षं ऐकली नव्हती. तिला हसू आलं, रडू आलं, आणि तिनं दोन्ही येऊ दिलं.

"ऐकलं का रे भुजंगा?" ती रिकाम्या खोलीत म्हणाली.

पाटावर काच उघडी पडली होती, कोरडी. तिथून आवाज आला नाही. आवाज आला तो तिच्या पाठीमागून, दाराच्या लोखंडी कडीवर. टिक, टिक, टिक. मग अंगणातल्या हातपंपावर. मग गल्लीच्या तोंडाशी, तारेच्या खांबावर, लांबून पण स्पष्ट. मग तो स्टेशनाच्या बाजूनं अंधूक होत गेला, घाईघाईनं, गाडी सुटायच्या आत पोचायचं असल्यासारखा.

गाडी हलली. ताटं पुन्हा वाजली आणि थांबली. तुळजाबाईनं पेटी उघडली नाही, अंगठी आहे का गेली ते बघितलं नाही. तिनं दारही लावलं नाही, दिवेलागणीपर्यंत ते तसंच उघडं ठेवलं.